श्यामची विहीर

साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक केवळ मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचले जाते, याचे आम्हांस नेहमीच वैषम्य वाटत आले आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात श्यामच्या पोहण्याचे एक प्रकरण आहे. काही शिक्षकबंधू ते वर्गात वाचण्याचे टाळतात. कारण त्यात आई मुलाला मारते. आक्षेप रास्त आहे. परंतु छडीबरोबर विहीरही टाकून द्यावी काय?

प्रसंग परिचितच आहे. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी भरतात, गावची मुले पोहावयास शिकतात, आणि श्याम भीतीने माळ्यावर दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते, विहिरीकडे जावयास भाग पाडते. मागाहून तिचीच माया दाटून येते. टीकाकारांची दृष्टी बहुधा त्या मारावर किंवा या मायेवर खिळते. आमच्या मते प्रकरणाचे मर्म विहिरीच्या काठावर आहे. पाणी खोल आहे, पण जाणते पोहणारे सोबत आहेत. संकट खरे आहे, आणि त्याला बांधही घातलेला आहे. तो आईने एकटीने घातलेला नाही. गावाच्या रीतीनेच तो घातला आहे. म्हणून तर तिला मुलगा इतरांच्या हाती सोपविता येतो. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, या तिच्या तळमळीत थोडा लौकिकाचा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलाचे भय आपणच जोपासू नये, एवढे तिला पक्के कळते; आणि छडीवाचून ते कसे साधावे, हे मात्र तिला कळत नाही.

गुरुजींची लेखणी पाण्यातल्या श्यामपेक्षा घरी परतलेल्या श्यामपाशी अधिक रमते, ही या प्रकरणाची उणीव होय. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या कथांत याच्या उलट घडते. तेथे साहस विपुल आहे, पण फेणेला ते शिकावे लागत नाही. श्यामला शिकावे लागते. म्हणूनच भित्र्या मुलाला तो अधिक जवळचा वाटावा.

बडोद्यात एकदा आम्ही हे प्रकरण वर्गात वाचून दाखविले. विहिरीत उतरलेला मुलगा त्या वर्गात एकही नव्हता. छडीविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पाणी किती खोल होते, आणि आधी कोणी उडी घेतली, एवढेच त्यांनी पुनःपुन्हा विचारले.