भंगारातले सिंह

हल्ली कुठल्याही शहरात शिरताना आधी सिंह भेटतो. सिंह नसला तर घोडा, मोर किंवा गरुड. अंगभर सायकलच्या चेनी, मानेत गिअर, डोळ्यांच्या जागी बेअरिंग, खाली ग्रॅनाइटचा चौथरा आणि चौथऱ्यावर उद्घाटकांची नावं. दिल्लीत सराय काले खाँला 2019 मध्ये जगातली सात आश्चर्यं भंगारातून उभी राहिली, तेव्हा बातम्यांत मिरवला तो आकडा होता 150 टनांचा. शिल्प वजनावर जोखायची ही रीत आता गावोगाव रुळली आहे.

कारागिरीबद्दल तक्रार नाही. वेल्डिंग करणाऱ्याचा हात बहुतेकदा पक्का असतो. पण ती चेन कुणाच्या सायकलची होती, किंवा मुळात सायकलचीच होती का, याने त्या सिंहाला काडीचाही फरक पडत नाही. मातीऐवजी लोखंड वापरलं, एवढंच. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते, नजर दोन्हींत येरझाऱ्या घालते. द्युशाँने 1914 मध्ये पॅरिसच्या दुकानातून बाटल्या वाळवायची घोडी आणली आणि तिला हातही लावला नाही. 1960 मध्ये आर्मानने तिथलीच एक गॅलरी कचऱ्याने ठासून भरली, सेझारने मोटारी दाबून त्यांचे ठोकळे केले. मोटार मोटारच राहिली, कचरा कचराच. आपण हा सगळा धडा गाळून थेट सर्कशीत शिरलो.

सर्कशीबाहेरही फार काही बरं चाललेलं नाही. समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यात गणपती शोधणारी काष्ठशिल्पं हा निरुपद्रवी छंद आहे, तो छंदच राहू द्यावा. रिसॉर्टच्या दारात नांगर रोवणं आणि बैलगाडीच्या चाकावर काच टाकून टेबल करणं ही सजावट. सुबोध गुप्तांची स्टीलच्या भांड्यांची कवटी 2006 मध्ये पॅरिसच्या चर्चमध्ये झळकली खरी, पण त्या लखलखाटात भांडं दिसेनासं होतं.

खरं काम दुसरीकडे झालं आहे. शर्मिला सामंत यांनी 1998-99 मध्ये साडी केली, कोकाकोलाच्या बाटल्यांच्या बुचांची. दुरून पाहावं तर नक्षी, जवळ गेल्यावर पत्र्याचे दाते. कोकाकोला भारतात परतून तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. बूच बूचच राहतं, म्हणून ती साडी टोचते. विवान सुंदरम यांचं ‘मेमोरियल’ 1993 चं. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या माणसाचा होशी जाल यांनी टिपलेला फोटो, त्यावर ठोकलेले खिळे, आणि पत्र्याच्या ट्रंका रचून केलेली कमान. ट्रंक म्हणजे काय हे रत्नागिरीकराला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या गिरणीत भरती व्हायला निघालेल्या चाकरमान्याचा सगळा संसार तिच्यातच असे. संगमरवराची कमान तिच्यापुढे मुकी वाटली असती.

आणि सुदर्शन शेट्टी. 2014 च्या सुमाराच्या त्यांच्या कामांत फुटलेली चिनी मातीची भांडी आहेत. फुटून गेलेला भाग लाकडात कोरून, फुटीच्या वेड्यावाकड्या कडेला तंतोतंत बसवलेला. अर्धी बरणी गुळगुळीत, पांढरी, नक्षीची. उरलेली अर्धी तपकिरी, रेषा दिसणारी. भांडं जोडलं गेलं आहे, पण फूट लपवलेली नाही. ‘शून्य घर’ (2016) साठी त्यांनी जुन्या इमारतींतलं सागवान घेतलं, त्याचे खांब आणि कमानी उभ्या केल्या. त्या लाकडाने कुणाचं तरी छप्पर पेललं होतं, हे पाहणाऱ्याला विसरता येत नाही. भंगारातल्या सिंहाला नेमकं हेच विसरलेलं हवं असतं.

आता कोकणाकडे बघा. जुनं घर उतरवलं की खांब, तुळया, कोरीव दारं यांचा सौदा होतो आणि ती शहरातल्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातात. महामार्गाच्या चौपदरीकरणात किती ओट्या गेल्या? रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर फाटकी नायलॉनची जाळी, बोये, थर्माकोल यांचे ढीग पडलेले असतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण पुरात बुडालं, आणि नंतर कित्येक दिवस बाजारपेठेतला चिखलाने माखलेला संसार डंपरमध्ये भरला जात होता. कपाटं, वह्या, शिवणयंत्रं, गाद्या. मुंबईच्या 1993 ला सुंदरम मिळाले. चिपळूणच्या 2021 ला कोण मिळालं, सांगा.

साधनं नाहीत, माणसं नाहीत ही सबब चालणार नाही. मुंबईच्या 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले एकमेव शिल्पकार सदानंद बाकरे लंडनहून परतल्यावर दापोलीजवळच्या मुरुडात राहिले, 2007 मध्ये तिथेच वारले. सावर्ड्याला आणि देवरुखला कला महाविद्यालयं आहेत, तिथून हात तयार होऊन बाहेर पडतात. त्या हातांपुढे कामं कुठली येतात? अर्धपुतळे, अश्वारूढ पुतळे, आणि आता चेनींचे सिंह. काम देणाऱ्याला ओळखीचा प्राणी हवा असतो, सेल्फीला बरा पडणारा. उत्पन्नासाठी शिल्पकार ते करतो, त्यात त्याचा दोष नाही. दोष हा प्राणी म्हणजेच आधुनिक शिल्प असं छापणाऱ्यांचा आहे, आणि पर्यावरणाचं नाव घेतलं की कलेबद्दल प्रश्न विचारायचा नाही असा दंडक घालणाऱ्यांचा. स्वच्छता ही चांगलीच गोष्ट आहे. तिच्यासाठी घंटागाडी पुरेशी आहे.

तेव्हा नगरपरिषदांना एक विनंती. पुढच्या शिल्पाची निविदा काढताना वजनाचा रकाना खोडा. त्या जागी विचारा: वस्तू कुठली, कुणाच्या घरातली किंवा होडीतली, आणि शिल्प पाहणाऱ्याला ती ओळखता येईल का? उत्तर देता येत नसेल, तर चौथरा रिकामा ठेवा.