मोठा आर, मग बरोबर

रुपयाचं चिन्ह हवंय. लिनक्सवर कंपोझ कळ दाबून सोडायची, मग मोठा आर, मग बरोबरचं चिन्ह. ₹. डी. उदय कुमार यांनी काढलेलं हे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारलं. त्यात नागरी र आहे, दांडी नसलेला रोमन आर आहे आणि वरच्या बाजूला दोन आडव्या रेघा. कंपोझ कळ नेमके हेच सुटे भाग मागते. तेच = ईला जोडा, युरो होतो; वायला जोडा, येन. पौंडाला वजाची एकच रेघ देऊन भागवलंय, म्हणून एल आणि वजा.

दुसरीही वाट आहे. अनेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून २०बी९ हा युनिकोड क्रमांक टाकला, तरी रुपया येतो. पण तो सातबाऱ्यावरचा गट नंबर झाला. पाठ असेल तर जमीन सापडते. कंपोझला नंबर लागत नाही, चिन्हाचा चेहरा आठवला की पुरे. दोनदा आठ दाबा, अनंत (∞). एक आणि दोन, ½. वजा आणि मोठं-पेक्षा, बाण (→). ही यादी करणारा माणूस हिशेबनिसापेक्षा चित्रकार जास्त असावा.

त्याची खरी कमाल संस्कृत-मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना दिसते. ‘ज्ञानेश्वरी’तल्या दीर्घ स्वरांवर आडवी रेघ हवी, तर आधी अंडरस्कोर. ‘श्व’मधल्या एसवर तिरका फरकाटा हवा, तर एकेरी अवतरणचिन्ह. आता ‘विठ्ठल’ घ्या. दोन्ही टींखाली टिंब हवं. पूर्णविराम दाबावा, तर टिंब अक्षराच्या वर जातं, कारण ती जागा त्याला आधीच दिलेली. मग खालच्या टिंबासाठी काय निवडलं? उद्गारचिन्ह! सुरुवातीला मला हे तऱ्हेवाईक वाटलं. मग नीट पाहिलं: उद्गारचिन्हाचं टिंब खालीच तर असतं.

आपल्याला हा खेळ नवा नाही. मराठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डावर ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’ लिहिताना शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. ‘दर्या’ हवा तर जे शिफ्टशिवाय, बाकी तेच. मधला डी म्हणजे हलन्त. तो दोन अक्षरांच्या मध्ये बसून जोडणी करतो, कंपोझ मात्र आधीच सांगून टाकते की पुढच्या दोन-तीन कळा सुट्या धरू नका.

डीईसी कंपनीच्या १९८३च्या व्हीटी२२० टर्मिनलवर या कळीला स्वतःची जागा होती. आजच्या कीबोर्डांवर सहसा नसते, एखादी कळ तिच्या नावे करावी लागते.

खोट आहेच. कळांचा क्रम यादीत नसला, तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. टाइप केलेलं गिळून टाकलं जातं. शिवाय स्वतःचे क्रम घरच्या फोल्डरातल्या डॉट-एक्सकंपोझ फाईलमध्ये लिहिता येतात खरे, पण मूळ यादी आत घेणारी ओळ वर टाकायला विसरलात, तर एक्स या विंडो प्रणालीच्या प्रोग्रॅमांत जुने सगळे क्रम नाहीसे होतात. माझे झाले होते, आणि अर्धा दिवस मी कीबोर्डालाच दोष देत होतो.

तुमच्या लिनक्सवर ही कळ बहुधा बंद असेल. ग्नोम वापरत असाल, तर सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, कंपोझ की चालू करा, उजवी अल्ट तिला देऊन टाका. मग दोनदा आठ दाबून बघा.