वनहक्क मान्यता कायदा आणि मेळघाट : एक चिकित्सा

'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' या नावातील 'मान्यता' हा शब्द अर्थपूर्ण आहे. हा कायदा नवे हक्क बहाल करीत नाही. पूर्वापार चालत आलेले, परंतु वसाहतकालीन वनव्यवस्थेने नोंदविलेच नाहीत असे हक्क तो मान्य करतो. उद्देशिकेत 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची स्पष्ट कबुली आहे. या भूमिकेच्या कसोटीवर वऱ्हाडातील कोरकूंचा अनुभव तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पुराव्याच्या प्रश्नात कायदा उदार आहे. २००८ च्या नियमांनुसार गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले कथनही पुरावा ठरते. कोरकूंची वहिवाट मौखिक परंपरेत जतन झालेली असल्याने ही तरतूद मोलाची आहे. मात्र कागदालाच अधिक वजन देण्याची प्रशासकीय सवय तिला दुबळी करते.

कलम ३ मधील सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षणाचा व व्यवस्थापनाचा हक्क हा या कायद्याचा गाभा आहे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावास २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. ग्रामसभेने राखलेल्या या वनातील सीताफळांमुळे गावाला उत्पन्न मिळू लागले. २०१४ मध्ये गावास भारत जैवविविधता पुरस्कारही लाभला. हक्क आणि संवर्धन परस्परविरोधी आहेत, हे गृहीतक येथे टिकत नाही.

याची दुसरी बाजू अकोला जिल्ह्यात दिसते. व्याघ्र प्रकल्पातील केलपाणी, गुल्लरघाट आदी गावांचे पुनर्वसन सपाटीवर झाले. तेथील सुविधांविषयी असमाधानी असलेले गावकरी जंगलात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये संघर्ष उद्भवला. कलम ४ अन्वये पुनर्वसनास ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण लेखी संमती आवश्यक आहे, तसेच ठरलेल्या सुविधा पूर्ण झाल्याशिवाय स्थलांतर करता येत नाही. तथापि २००८ च्या मार्गदर्शक सूचनांतील १० लक्ष रुपयांच्या मोबदल्याचा एकक 'कुटुंब' हा होता. मुठवा देवाचे स्थान, गुरांची चराई, मोहाची झाडे ही कोणा एका कुटुंबाची मालमत्ता नव्हे. ती गावाची आहे. त्यामुळे हक्क सामूहिक आणि भरपाई मात्र कौटुंबिक, असा विसंवाद निर्माण होतो. गाव विखुरले की सामूहिक हक्काला धारकच उरत नाही.

सारांश, कायद्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या अंमलबजावणीतील मोजमाप सदोष आहे. पुनर्वसनाची चर्चा सुरू होण्यापूर्वी सामूहिक हक्कांची निश्चिती व्हावी आणि नव्या वसाहतीतही ग्रामसभेला सामूहिक वनक्षेत्र मिळावे. तसे न झाल्यास 'मान्यता' हा शब्द केवळ कायद्याच्या शीर्षकापुरताच उरेल.