‘रे’पासून ‘गा’पर्यंतची हाक

‘दिल्ली-६’मुळे (२००९) छत्तीसगढचा एक झेंडू आपल्याकडे घरोघरी पोचला. ‘ससुराल गेंदा फूल’ हे मूळचं तिकडचं लोकगीत. त्याच मातीतला दुसरा झेंडू मात्र मराठी कानांना अजून परकाच आहे. त्याचं नाव ‘चंदैनी गोंदा’. गोंदा म्हणजे झेंडूच.

७ नोव्हेंबर १९७१ला दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुखांनी हा लोकमंच पहिल्यांदा उभा केला. दुखित नावाच्या शेतकऱ्याची कहाणी आणि तिच्यात ओवलेली गाणी, असा त्याचा घाट. शब्द प्रामुख्याने बावीस वर्षांच्या लक्ष्मण मस्तुरियांचे, चाली खुमानलाल साव यांच्या, आवाज भैयालाल हेडाऊ, केदार यादव, कविता वासनिक आणि खुद्द मस्तुरियांचे. यातले हेडाऊ पुढे सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’तही दिसले. आज ज्याला आपण इंडी बँड म्हणतो, त्याचं हे गावाकडचं रूप: आपले शब्द, आपली चाल, आपली बोली आणि दाऊंची पदरमोड. आकाशवाणी रायपूरवरून ही गाणी छत्तीसगढभर गेली.

ऐकायला सुरुवात करावी ती ‘मोर संग चलव’पासून. म्हणजे ‘माझ्यासंगं चला’. ध्रुवपदात हीच हाक दोनदा येते. एकदा तिच्या शेवटी ‘रे’ आहे, दुसऱ्यांदा ‘गा’. हिंदी कानाला हा ‘गा’ नुसता ताल भरून काढणारा वाटेल. मराठी माणसाने मात्र इथे थबकावं. ज्ञानेश्वरीत पानोपानी भेटणारा आणि वऱ्हाडात आजही ‘काय गा’ म्हणून विचारणारा ‘गा’ तो हाच. ‘रे’ने लक्ष वेधलं जातं, ‘गा’ने खांद्यावर हात पडतो. त्या दोन अक्षरांमध्ये पुढारी गळून पडतो आणि सोबती उरतो.

हाक कुणाला? पडलेल्यांना, थकलेल्यांना, ठेचकाळलेल्यांना. या सगळ्यांच्या मागे ‘मन’ हा शब्द लागतो. आपल्याला तो चित्ताचा वाटतो, पण छत्तीसगढीत तो फक्त अनेकवचनाचा प्रत्यय आहे. ‘मनखे मन’ म्हणजे माणसं. अर्थ कळल्यावरही आपल्या कानातलं ते दुसरं मन काही जात नाही, आणि जाऊ नये. मग गाणारा स्वतःला आमराईची गार सावली म्हणतो, समुद्र म्हणतो. नवा गाव, नवी वाट हे सारं नंतर. आधी बसा, पाणी प्या. चळवळीच्या गाण्यांना सहसा एवढा धीर नसतो.

दुसरं गाणं कविता वासनिक यांचं, ‘पता दे जा रे गाडीवाला’. वाटेवरची मुलगी गाडीवानाला त्याचं नाव, गाव, काम विचारते. साधी छेडछाड वाटावी अशी सुरुवात. पण ‘पत्ता देऊन जा’ला लागूनच ‘पत्ता घेऊन जा’ येतं, आणि पारडं फिरतं. ती नुसती विचारत नाही, स्वतःचा ठावठिकाणाही पुढे करते. ‘दे’ आणि ‘ले’ एवढ्याशा अदलाबदलीत लाजरेपण संपतं आणि बरोबरी सुरू होते.

१९८०च्या दशकात दाऊंनी आपल्याच हातांनी चंदैनी गोंदाचं विसर्जन केलं आणि ‘कारी’ हे नवं नाटक उभारलं. सावांनी मात्र ते नाव पुढेही चालवलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो थेट उतारवयात. दाऊ १९९८मध्ये गेले, मस्तुरिया २०१८मध्ये, साव २०१९मध्ये.

१९५६पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. पुढे सरहद्द पडली, पण ‘गा’ दोन्हीकडे राहिला. एकदा ऐकून बघा गा.