शल्कीची गोलाई

‘आयएनएस शल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही भारताची पहिली पाणबुडी. आराखडा जर्मन, १९८१च्या करारात चारपैकी दोन बोटी जर्मनीत कीलला आणि दोन मुंबईत बांधायच्या असं ठरलं होतं. बिलोलीच्या माणसाला पूर्वेचा आणि पश्चिमेचा समुद्र सारखाच लांब, त्यामुळे आमच्याकडे या बोटीचं नाव सहसा निघत नाही. मला मात्र ती मुंबईत घडलेल्या देखण्या वस्तूंमध्ये फार वरची वाटते.

तिचं सौंदर्य गोलाईत आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. दोनशे मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर वीस किलोचा भार, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर दीड टनाहून अधिक. तो नुसत्या जाड पोलादाने पेलत नाही. कवच नेमकं गोल असेल तर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो; कुठे जरासं चेपलेलं असेल तर पाणी तीच जागा हेरतं आणि कवच तिथून दुमडतं.

ही गोलाई टिकते वेल्डरच्या हातात. जोडाच्या कडा आधी तापवायच्या, रॉड भट्टीत सुकवून गरम ठेवायचे. मुंबईच्या दमट हवेत तर त्यात कसूर चालतच नाही. ओलाव्यातला हायड्रोजन धातूत शिरला तर तडा लगेच दिसत नाही, कधी दोन दिवसांनी उमटतो. म्हणून थांबायचं, मग क्ष-किरणांनी तपासायचं, नापास जोड घासून काढायचा आणि पुन्हा भरायचा. एकाच बाजूला उष्णता जास्त गेली की धातू आकसतो आणि गोल बिघडतो, त्यामुळे कुठला टाका कधी घालायचा याचाही क्रम ठरलेला. इतकं करून वर रंग चढतो आणि यातलं काहीच कुणाला दिसत नाही.

शल्कीत मला सर्वांत भावते ती सुटकेच्या गोळ्याची जागा. अपघात झाला तर चाळीस जणांनी त्यात शिरायचं, दार लावायचं आणि गोळा बोटीपासून सुटून वर यायचा. जिथे झोपायलासुद्धा जागेची मारामार, तिथे सगळ्यांच्या जिवासाठी एवढी जागा राखणारा आराखडाकार मोठ्या मनाचा म्हणायचा.

१९९४ मध्ये मुंबईतली दुसरी बोट ‘शंकुल’ आली आणि काम थांबलं. १९८७ मध्ये या जर्मन करारातल्या दलालीचे आरोप गाजले होते. पुढच्या दोन बोटींचा विचार मागे पडला. नव्या, फ्रेंच आराखड्याच्या पाणबुडीसाठी पोलाद कापलं गेलं ते थेट २००६ मध्ये. बारा वर्षं वेल्डर कशाच्या भरवशावर थांबेल? त्याला पोट आहे, आणि बाहेर तेलाच्या कामांवर अशा हाताला बरे पैसे मिळतात. या नव्या बोटींतल्या पहिल्या ‘कलवरी’ला डिसेंबर २०१७ उजाडलं. खरेदीतली दिरंगाईही त्यात होती, पण गेलेला सराव नव्याने कमवावा लागला, हे माझ्या मते अधिक महागात पडलं. पुढे खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि जानेवारी २०२५ मध्ये वागशीर. नावं सगळी जुन्या रशियन बनावटीच्या बोटींची. ती एका सरकारी आदेशाने पुढच्या पिढीकडे जातात, कसब तसं जात नाही. म्हणून मी या सहा बोटी सुट्या वाचत नाही. एकापाठोपाठ एक येत राहणं हीच त्यांची लय, आणि वागशीरनंतर ती पुन्हा अडखळते आहे.

मधल्या काळासाठी दुरुस्तीची कामं आहेत. शल्कीच्याच जातीच्या ‘शंकुश’चं आयुष्य वाढवायचा करार २०२३ मध्ये माझगाव डॉकशीच झाला. त्याहून रंगतदार काम डिसेंबर २०२४च्या, सुमारे १,९९० कोटींच्या करारातलं. पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर यावं लागू नये म्हणून अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने इंधनघटांची यंत्रणा विकसित केली आहे; ती बसवायची तर बांधून झालेलं कवच आडवं कापून मध्ये एक अख्खा नवा खंड घालायचा. दोन्ही टोकांना तो जुन्या गोलाशी तंतोतंत जुळला पाहिजे. हे काम कागदावरून शिकता येत नाही, आणि ज्यांनी कलवरी जोडली त्यांतले किती जण तेव्हा शेडमध्ये असतील त्यावर बरंच काही ठरेल.