इटालियन कर्मसर्वनामे : एका कोष्टकाची चिकित्सा

परभाषिकांसाठी रचलेल्या इटालियन व्याकरणांत कर्मसर्वनामांची मांडणी सामान्यतः एकाच क्रमाने येते. प्रथम प्रत्यक्ष कर्माची रूपे : मि, ति, लो, ला, चि, वि, ली, ले. मग अप्रत्यक्ष कर्माची : मि, ति, ल्यि, ले, चि, वि आणि लोरो. पुढे या दोहोंच्या जोड्या. आणि ‘मे’, ‘ते’, ‘लुई’, ‘लेई’ ही आघातयुक्त रूपे बहुधा एखाद्या मागच्या प्रकरणात, जणू पुरवणी म्हणून. ही मांडणी सोयीची म्हणून रूढ झाली. ती शास्त्रीय आहे काय, हा प्रश्न मात्र विचारावयास हवा.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर मि, ति, चि, वि ही चार रूपे दोहींकडे तीच आहेत, हे प्रथमदर्शनीच दिसते. म्हणजे ज्या भेदावर दोन प्रकरणांची इमारत उभी केली जाते, तो केवळ तृतीय पुरुषात जिवंत आहे. तेथेही ‘ले’ हे एक रूप ‘त्यांना’ (स्त्रीलिंगी, प्रत्यक्ष) आणि ‘तिला’ (अप्रत्यक्ष) अशा दोन्ही ठिकाणी येते.

मराठी विद्यार्थी अडखळतो तो याच अरुंद जागी. शालेय मराठी व्याकरण ‘ला’ हा प्रत्यय द्वितीयेतही देते आणि चतुर्थीतही. ‘त्याला मदत करतो’ आणि ‘त्याला दूरध्वनी करतो’ यांत मराठी कानाला काहीच फरक जाणवत नाही. इटालियनमध्ये मात्र पहिल्या ठिकाणी ‘लो’ लागतो, दुसऱ्या ठिकाणी ‘ल्यि’. उलट ‘त्याला आवडते’ येथे ‘ल्यि प्याचे’ ही रचना मराठीशी इतकी जुळते की इंग्रजीच्या द्वारे इटालियन शिकणाऱ्याला जे कष्ट पडतात ते मराठी माणसाला पडू नयेत. (दुर्दैवाने आपल्याकडे इटालियनचा अभ्यास बहुधा इंग्रजीच्याच द्वारे होतो, आणि ही सवलत वाया जाते.) पण कोणत्या क्रियापदाला कोणते कर्म, ही बाब कोशाची आहे, ती प्रत्येक क्रियापदाबरोबर शिकावी लागते. ती कोष्टकाने सुटत नाही.

व्याकरणाने ज्याला अग्रस्थान द्यावयास हवे तो भेद निराळा : आघातहीन आणि आघातयुक्त रूपांचा. ‘लो वेदो’ म्हणजे ‘त्याला पाहतो’. ‘वेदो लुई’ म्हणजे ‘पाहतो तो त्यालाच’. पहिल्यातील ‘लो’ स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही, तो क्रियापदाला बिलगून असतो. म्हणूनच ‘तुला आणि त्याला पाहतो’ असे म्हणावयाचे झाल्यास ‘वेदो ते ए लुई’ हीच रूपे येतात. ‘ति’ आणि ‘लो’ यांना ‘आणि’ने जोडता येत नाही.

हा भेद संस्कृतज्ञ वाचकाला नवा वाटू नये. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या पहिल्या पादात पाणिनीने मा, त्वा, मे, ते, वाम्, नौ, वः, नः ही अनुदात्त रूपे सांगितली आहेत. त्याने आधी त्यांची स्थिती सांगितली : ती पदाच्या पुढेच येतात, पादाच्या आरंभी येत नाहीत. विभक्तीचा विचार त्यानंतर. आणि वः, नः यांच्या बाबतीत द्वितीया, चतुर्थी व षष्ठी यांसाठी मिळून एकच रूप. शिवाय च, वा, ह, अह, एव यांच्या योगात ही रूपे होत नाहीत, असा निषेधही त्याने केला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘केवळ’ यांच्या सान्निध्यात इटालियन दुर्बल रूपे माघार घेतात ती याच प्रकारे. साम्याचा अतिरेक मात्र करू नये. ‘वि’ आणि ‘वः’ यांचा व्युत्पत्तीने संबंध नाही. चि आणि वि ही मूळची स्थलवाचक अव्यये आहेत. तसेच आजच्या इटालियनमध्ये दुर्बल रूप क्रियापदाला बांधलेले असून वाक्यारंभी खुशाल येते.

पूर्वी तसे नव्हते. प्राचीन इटालियनमध्ये वाक्याचा आरंभ अशा रूपाने होत नसे, हे व्हिएन्ना येथील प्राध्यापक आदोल्फो मुसाफिया याने १८८६ मध्ये दाखवून दिले. प्राचीन फ्रेंचविषयी टोब्लरचे तत्सम निरीक्षण त्याआधीचे, म्हणून हा नियम दोघांच्या नावे ओळखला जातो. इटलीत घरांवर लागणाऱ्या ‘आफ्फीत्तासी’ (भाड्याने देणे आहे) आणि ‘वेन्देसी’ (विकणे आहे) या पाट्यांत क्रियापदामागे चिकटलेला ‘सि’ हा त्या जुन्या क्रमाचा अवशेष होय.

प्रचलित कोष्टकाचा दोष सर्वांत उघडा पडतो तो ‘लोरो’च्या जागी. ‘त्यांना देतो’ यासाठी पुस्तके ‘दो लोरो’ शिकवितात, आणि ‘ल्यि दो’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरावर लाल रेघ ओढली जाते. वस्तुतः ‘लोरो’ हे लॅटिनच्या षष्ठी बहुवचनातून, ‘इल्लोरुम’पासून, आलेले रूप, ते क्रियापदाच्या मागे स्वतंत्र उभे राहते आणि इतर दुर्बल रूपांशी जोडी करीत नाही. दुर्बलांच्या रांगेत त्याला बसविले ते कोष्टकाचे घर रिकामे राहू नये म्हणून. बोलणाऱ्यांनी ते घर केव्हाच ‘ल्यि’ने भरले आहे. मान्झोनीने ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’च्या १८४०–४२ च्या सुधारित आवृत्तीत हा बहुवचनी ‘ल्यि’ लिहिलेला आहे. त्याला अशिष्ट म्हणणे कठीण. आणि ज्या पुस्तकांत त्याचा निषेध आहे त्यांतच, दोन पाने उलटली की, जोडरूपांच्या यादीत ‘ल्येलो’ येते, आणि त्याचे अर्थ दिलेले असतात : ते त्याला, ते तिला, ते त्यांना.