भविष्याचे पोस्टर, आजचे चेहरे

येऊ घातलेल्या विज्ञानपटाची पारख पोस्टरवरून कशी करावी, याचा धडा ‘कल्की २८९८ एडी’ने दिला. जुलै २०२३मध्ये प्रभासची पहिली छबी आली, तेव्हा चित्रपटाचे नाव ‘प्रोजेक्ट के’ एवढेच होते. छातीवर चिलखत आणि त्यावर ओढूनताणून बसवल्यासारखे डोके. प्रेक्षकांनी झोडपून काढले. निर्मात्यांनी ते पोस्टर मागे घेऊन दुरुस्त केलेले पुन्हा टाकले. लगोलग सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये पहिली झलक दाखवली गेली आणि सूरच पालटला.

चित्रपट तोच, दिग्दर्शक नाग अश्विन तोच. पोस्टर सांगत होते, ‘हा पाहा आपला हिरो.’ झलक मात्र मुखवटे घातलेले शिपाई आणि भेदरलेली माणसे दाखवत होती. त्या जगात सत्ता कोणाची, हे कळत होते. विज्ञानपटाच्या जाहिरातीचे पहिले काम हेच असते. तिथला कायदा कोणता, तिथे माणसाला कशाची भीती वाटते, याचा एक तरी धागा हाती यायला हवा. १९७९च्या ‘एलियन’च्या पोस्टरवर काळोखात तडकलेले अंडे आणि आतून झिरपणारा हिरवा उजेड एवढेच होते. ‘जुरासिक पार्क’ने १९९३मध्ये डायनासोरच्या सांगाड्याच्या एका बोधचिन्हावर जग जिंकले. दोन्हींवर नटनट्यांचा चेहरा नाही.

एका चौकटीत गोष्ट कशी बसवावी, हे छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला परदेशातून शिकण्याची गरज नाही. जवळच्याच अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत विश्वंतर जातकाचे चित्र आहे. राजपुत्र विश्वंतर आणि माद्री आधी मंडपात बसलेले दिसतात. तेच दोघे शेजारीच पुन्हा दिसतात, आता वेशीबाहेर निघालेले. मध्ये रेघ नाही, चौकट नाही. डोळा आपोआप पुढे सरकतो आणि वनवासाचे ओझे जाणवू लागते. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांनी पात्रांपेक्षा प्रसंगाला मोठे केले. मराठी पोस्टरकलेचा वारसाही थोर आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२४च्या ‘कल्याण खजिना’साठी केलेले पोस्टर हे हाती उरलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक. पुढे दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’च्या काळात जाड रंगाच्या फटकाऱ्यांनी नायकाचा संताप भिंतीभिंतीवर नेला. तेव्हा चेहरा मोठा असायचा, पण त्या चेहऱ्यावर कथा असायची. आजच्या बहुतेक पोस्टरांवर चेहरे उतरंडीसारखे रचलेले असतात, मागे निळा-नारिंगी धूर, आणि गोष्ट कुठेच नाही.

ट्रेलरचा दोष वेगळा आहे: तो फार बोलतो. ‘टर्मिनेटर जेनिसिस’च्या २०१५मधल्या ट्रेलरने जॉन कॉनरच शत्रू झाल्याचे फोडून टाकले, चित्रपटाचा सर्वांत मोठा धक्का फुकट गेला. ‘आदिपुरुष’ विज्ञानपट नव्हे, पण संगणकावर घडवलेल्या दृश्यांची परीक्षा तिथेच झाली. ऑक्टोबर २०२२च्या टीझरमधली कच्ची दृश्ये पाहून ओरड झाली आणि जानेवारी २०२३मध्ये यायचा चित्रपट जूनमध्ये आला. अर्धवट रंगवलेले जग दाखवण्यापेक्षा ते झाकलेले बरे.

‘कल्की’च्याच एप्रिल २०२४च्या टीझरमध्ये हा संयम दिसतो. काळोख्या देवळात चिंध्यांनी गुंडाळलेला एक प्रचंड देह बसला आहे. एक लहान मूल त्याला विचारते की तू कोण. पट्ट्यांमधून डोळे तेवढे दिसतात. भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, म्हणून ती भूमिका करणाऱ्या अमिताभ बच्चन यांचे नाव येण्याआधीच अंगावर काटा येतो. त्या वर्षीच्या विज्ञानपटांच्या जाहिरातींत याहून सरस काही नव्हते.

मराठीत अशी संधी अगदी क्वचित येते. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ ११ मार्च २०१६ला आला, होलोग्रामच्या मुलीची गोष्ट घेऊन. पण भविष्याची खरी भीती पडद्याबाहेर होती: पुढच्याच महिन्यात मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. ‘कल्की’मध्ये काशीची गंगा आटलेली आहे आणि तिच्या डोक्यावर तरंगणारे शहर सगळे ओढून घेते. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर तहान भागवणाऱ्या आणि नळाच्या पाण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहणाऱ्या संभाजीनगरच्या प्रेक्षकाला ते दृश्य परके वाटत नाही. उद्या कोणी मराठीत भविष्यपट काढलाच, तर त्याने पोस्टरवर हिरो उभा करण्याआधी कोरडा नाथसागर काढून पाहावा.